संसाराचा ताळेबंद : गाडीचे चार तळपाय



अशोक विजयादशमी जवळ आली की आपल्या वस्त्यांमधून एकच लगबग सुरू होते. मिलिंदनगर असो, भावसिंगपुरा असो की मुकुंदवाडी, घरोघरी पांढरी वस्त्रे धुऊन ठेवली जातात, दशम्या आणि चटणीचे डबे भरले जातात, गाडीला लावायचे पंचशील ध्वज आणि निळे झेंडे बाहेर निघतात. पूर्वी दीक्षाभूमीला जायचे म्हणजे रेल्वेची गर्दी, एस.टी.ची रांग, नाहीतर ट्रकचा हौदा. आज चित्र बदलले आहे. कुणाच्या लेकीने नोकरीला लागल्यावर कर्ज काढून मोटार घेतली आहे, कुणी चार घरे मिळून भाड्याची ईको किंवा बोलेरो ठरवली आहे. ही प्रगती बाबासाहेबांची पुण्याई आहे, आणि तिचा अभिमान जरूर बाळगावा.

रस्ताही बदलला. ११ डिसेंबर २०२२ रोजी समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा सुरू झाला. आपल्या छत्रपती संभाजीनगरातून, म्हणजे आपल्या जुन्या औरंगाबादेतून, सावंगीजवळ त्या रस्त्यावर चढले की नागपूर एका बाजूने साडेचारशे किलोमीटरच्या आसपास. ५ जून २०२५ रोजी इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला, तेव्हापासून ६ डिसेंबरला चैत्यभूमीकडे निघणारी मंडळीही हाच रस्ता धरतात. सिमेंटचा सरळ रस्ता, मोटारीला ताशी १२० किलोमीटरपर्यंत परवानगी. गाडीत वर सगळी तयारी असते. पण निघण्यापूर्वी खाली वाकून टायर कोण पाहतो? म्हणून यावेळच्या ताळेबंदात टायरचे खाते उघडले आहे.

एक गोष्ट आधी ध्यानात घ्यावी. टायर कितीही मोठा दिसला तरी रस्त्याला त्याची जेवढी जागा टेकते ती साधारण एका तळहाताएवढी असते. चार टायर, चार तळहात. गाडीचे वजन, आत बसलेली आजी, दोन लेकरे, सामान, ब्रेक, वळण, पाऊस, सगळे त्या चार तळहातांच्या भरवशावर चालते. इंजिन कितीही दमदार असो, ब्रेक कितीही नवे असोत, टायरने रस्ता धरला नाही तर त्यांचा काडीचा उपयोग नाही.

लिंबू नव्हे, कारण पाहा

नवी गाडी आणली की चाकाखाली लिंबू चिरडायचे, पुढे लिंबू-मिरची बांधायची, ही चाल आपल्या काही घरांतून अजून गेलेली नाही. बावीस प्रतिज्ञा ज्यांच्या घरात फ्रेम करून लावल्या आहेत त्या घरातही शेजारच्यांचे पाहून हे होते. कुणाला दुखवण्याचा हेतू नाही. पण लिंबाने टायरची झीज भरून निघत नाही, एवढे तरी आपण मान्य करू.

टायर नशिबाने फुटत नाही. तथागतांनी शिकवले की जे घडते त्याला कारण असते, आणि कारण दूर केले की परिणामही टळतो. टायर फुटण्याची कारणे कुणीही समजून घेऊ शकेल. हवा कमी असली की टायरची कूस प्रत्येक फेऱ्यात जास्त दबते आणि पुन्हा उठते. लोखंडी तार आपण हाताने सारखी वाकवली की ती जशी गरम होते, तसा तो टायर गरम होत जातो. त्यात क्षमतेपेक्षा जास्त माणसे, त्यात तासन् तास एकसारखा वेग, त्यात वर तापलेले ऊन. आतले रबर आणि तारांचे थर एकमेकांपासून सुटू लागतात, आणि मग एका क्षणी आवाज होतो. लोक म्हणतात, ‘अचानक फुटला.’ तो अचानक फुटलेला नसतो. कित्येक किलोमीटरपासून तो तयारी करत असतो.

कालाम सुत्तात तथागतांचा उपदेश आहे की ऐकीव आहे म्हणून, परंपरेने आले म्हणून किंवा सांगणारा मोठा आहे म्हणून एखादी गोष्ट स्वीकारू नका, स्वतः तपासून पाहा. टायरच्या दुकानात हा उपदेश फार उपयोगी पडतो. ‘साहेब, हाच टाका, सगळे हाच टाकतात,’ असे दुकानदार म्हणाला की आपण मान हलवतो. आपण तपासत नाही, कारण टायरवरचे आकडे आपल्याला वाचता येत नाहीत. आज ते वाचायला शिकू.

चाळीसगावचा धडा

त्याआधी एक प्रसंग आठवावासा वाटतो. कन्नडचा घाट उतरला की चाळीसगाव लागते. १९२९ साली बाबासाहेब मुंबई सरकारने नेमलेल्या एका समितीचे सभासद म्हणून या भागात अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांची चौकशी करायला आले होते. चाळीसगावच्या आपल्या लोकांनी त्यांना मुक्कामाचा आग्रह केला. स्टेशनवरून महारवाड्यात जायला टांगा हवा होता, पण एकही टांगेवाला महाराला घेऊन टांगा हाकायला तयार होईना. टांगा भाड्याने देतो, पण हाकणार नाही, असे उत्तर मिळाले. एवढ्या मोठ्या माणसाला पायी न्यायचे कसे, म्हणून आपल्यातलाच एक जण टांगा हाकायला बसला. त्याला त्याचा सराव नव्हता. नदीच्या फरशीवर घोडा उधळला, चाक कडेच्या दगडावर जोरात आदळले, बाबासाहेब फरशीवर फेकले गेले आणि घोड्यासह टांगा खाली नदीत गेला. बाबासाहेबांचा पाय मोडला.

‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या लेखनात बाबासाहेबांनी हा प्रसंग स्वतः लिहून ठेवला आहे. टांगेवाल्याच्या जातीच्या गर्वाबद्दल तर ते लिहितातच. पण आपला मान राखण्याच्या भरात आपल्याच माणसांनी आपला जीव धोक्यात घातला, हेही त्यांनी स्पष्ट सांगितले आहे. त्या बांधवांचे प्रेम खरे होते. परिस्थितीने त्यांना दुसरा मार्गच ठेवला नव्हता. आज आपल्यापुढे मार्ग आहे. गाडी आपली आहे, चालक आपला आहे, दुकानात जाऊन निवड करण्याचा हक्क आपला आहे. तरीसुद्धा आपण चकाकत्या अलॉय चाकांवर, संगीताच्या डब्यावर आणि काळ्या काचांवर पैसा घालतो, आणि टायर मात्र ‘या वर्षी निघून जाईल’ म्हणून तसेच ठेवतो. मानासाठी सुरक्षितता गहाण टाकायची नाही, हा चाळीसगावचा धडा आहे.

कधी बदलावा

टायरच्या नक्षीच्या खोल खाचांमध्ये नीट पाहिले तर मधूनमधून रबराचा छोटा उंचवटा दिसतो. टायरच्या कडेला टीडब्ल्यूआय ही इंग्रजी अक्षरे किंवा छोटा त्रिकोण असतो, त्याच्या सरळ रेषेत हा उंचवटा सापडतो. मोटारीच्या टायरवर तो १.६ मिलिमीटर उंच असतो. झिजत झिजत नक्षी या उंचवट्याला टेकली की टायरचे आयुष्य संपले. ही केवळ कंपनीची सूचना नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ९४ नुसार मोटारीच्या टायरची खाच १.६ मिलिमीटरपेक्षा आणि दुचाकी-तीनचाकीची ०.८ मिलिमीटरपेक्षा कमी चालत नाही. समृद्धीवर २०२३ मध्ये परिवहन विभागाने प्रवेशाच्या ठिकाणी टायरची तपासणी सुरू केली तेव्हा गोटा झालेल्या टायरच्या गाड्या माघारी पाठवल्या गेल्या. लेकराबाळांसह तेथून परत फिरण्यापेक्षा घरीच पाहिलेले बरे.

नव्या टायरची खाच सात-आठ मिलिमीटर खोल असते. ही खाच शोभेसाठी नसते. पावसात रस्त्यावर साचलेले पाणी तिच्यातून बाहेर फेकले जाते. खाच उथळ झाली की पाण्याला वाट मिळत नाही, टायर पाण्यावर तरंगतो आणि स्टिअरिंग फिरवूनही गाडी वळत नाही. दसऱ्याच्या सुमारास परतीचा पाऊस असतो, हे आपल्याला सांगायला नको. म्हणून १.६ हा शेवटचा आकडा समजावा. तीन मिलिमीटर उरले की पैशाची जुळवाजुळव सुरू करावी.

झीज कमी असली तरी टायर म्हातारा होतो. टायरच्या कुशीवर लांबट चौकटीत चार आकडे असतात. ‘२३२४’ असे असेल तर तो २०२४ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनला. गाडी कमी चालते, नक्षी शाबूत आहे, पण टायर सात-आठ वर्षांचा आहे, असे आपल्याकडे पुष्कळदा आढळते. पाच वर्षांनंतर दरवर्षी जाणकाराकडून तपासून घ्यावा आणि दहा वर्षांनंतर नक्षी कितीही असली तरी वापरू नये, असे टायर बनवणाऱ्या अनेक कंपन्या सांगतात. याशिवाय कुशीला फुगा आला असेल, बारीक भेगा पडल्या असतील, आतली तार दिसत असेल तर वय आणि झीज न पाहता टायर काढावा. कुशीला झालेले पंक्चर दुरुस्त होत नाही. ‘करून देतो’ म्हणणाऱ्याला हात जोडावेत.

आकड्यांची बाराखडी

आपल्याकडे खूप दिसणाऱ्या डिझायर गाडीच्या साध्या मॉडेलवर अनेक वर्षे १६५/८० आर १४ हा टायर येत असे. त्यापुढे ८५ टी असे लिहिलेले असते. याचा अर्थ असा :

१६५ म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये. ८० म्हणजे कुशीची उंची रुंदीच्या ८० टक्के, म्हणजे १३२ मिलिमीटर. आर म्हणजे रेडियल बांधणी. १४ म्हणजे आतल्या रिमचा व्यास १४ इंच, म्हणजे ३५५.६ मिलिमीटर. ८५ हा वजनाचा सांकेतिक आकडा आहे, त्याचा अर्थ एक टायर ५१५ किलो पेलतो. टी हे वेगाचे अक्षर, ताशी १९० किलोमीटरपर्यंत. एस असेल तर १८०, एच असेल तर २१०.

आता गणित करू. कूस वर एकदा आणि खाली एकदा, म्हणजे दोनदा १३२ आणि त्यात रिम ३५५.६. एकूण उंची झाली ६१९.६ मिलिमीटर. याच गाडीच्या वरच्या मॉडेलवर १८५/६५ आर १५ हा टायर यायचा. त्याची उंची काढली तर ६२१.५ येते. रिम मोठे झाले, कूस आखूड झाली, पण एकूण उंची जवळजवळ तीच. कंपनीने हिशोब जुळवूनच दिलेला आहे.

समजा दुकानदार म्हणाला, ‘१६५ कशाला, १७५ चा रुंद टायर टाका, स्वस्तात देतो,’ आणि त्याने १७५/६५ आर १४ काढला. रिमवर तो बसेल. पाहायला रुंद आणि भारी दिसेल. पण उंची काढा : ५८३.१ मिलिमीटर. मूळ टायरपेक्षा जवळजवळ सहा टक्के कमी. म्हणजे गाडी रस्त्याला सुमारे १८ मिलिमीटर खाली आली, गतिरोधकाला पोट घासणार. मीटर १०० दाखवेल तेव्हा गाडी प्रत्यक्षात ९४ नेच धावत असेल. किलोमीटर जास्त पडतील, भाड्याच्या गाडीत तर हिशोबाचे भांडण होईल. आणि सर्वांत महत्त्वाचे, या मापाच्या टायरवर वजनाचा आकडा सहसा ८२ असतो, म्हणजे ४७५ किलो. एका टायरमागे ४० किलो, चारांमागे १६० किलो क्षमता गेली. दोन-तीन माणसांचे वजन आपण कागदावरच गमावले, आणि गाडीत मात्र एक माणूस जास्तच बसणार आहे.

म्हणून नियम सोपा आहे. चालकाच्या दाराच्या चौकटीवर एक स्टिकर असतो. त्यावर आणि गाडीसोबत मिळालेल्या पुस्तिकेत जे माप दिले आहे तेच घ्यावे. वजनाचा आकडा आणि वेगाचे अक्षर मूळ टायरइतके किंवा त्याहून वरचे असावे, खालचे कधीही नसावे. दुकानात जाताना हे माप चिठ्ठीवर लिहून न्यावे. किराण्याची यादी आपण नेतोच ना?

जोडी जुळवणे

मराठवाड्यातल्या माणसाला जोडी जुळवणे शिकवावे लागत नाही. एक बैल उंच आणि दुसरा ठेंगणा असेल तर जू वाकडे होते, एक ओढतो आणि दुसरा फरफटतो. टायरचेही तसेच आहे. एकाच आसावर, म्हणजे पुढच्या दोन किंवा मागच्या दोन चाकांवर, एकाच मापाचे, एकाच कंपनीचे, एकाच नक्षीचे आणि जवळजवळ सारख्या झिजलेले टायर असावेत. एकीकडे नवा आणि दुसरीकडे गोटा असेल तर ब्रेक दाबताच गाडी एका बाजूला ओढते. दोघांच्या उंचीत फरक असल्यामुळे ज्या आसाला इंजिनाची ताकद जाते तिथल्या डिफरन्शियलला सरळ रस्त्यावरही सतत काम पडते. रेडियल आणि जुन्या पद्धतीचा तिरप्या थरांचा टायर एका आसावर तर कधीच मिसळू नये. चारही चाकांना ताकद जाणारी गाडी असेल तर चारही टायर एकदम बदलणे उत्तम.

पैशाची अडचण असेल तर चार न घेता दोन घ्यावेत. एक घेऊ नये. आणि नवे दोन कुठे लावायचे? बहुतेक जण म्हणतील, पुढे. स्टिअरिंग पुढे, इंजिन पुढे, म्हणून नवे टायर पुढे, असे फिटरही सांगतात. पण अनेक टायर कंपन्यांचा सल्ला उलट आहे : नवे मागे लावा. कारण समजून घ्या. ओल्या रस्त्यावर पुढचे टायर घसरू लागले तर ते चालकाच्या हाताला स्टिअरिंगमध्ये कळते, तो पाय काढतो, वेग कमी होतो आणि गाडी सावरते. मागचे टायर घसरले तर गाडीचे शेपूट फिरते आणि गाडी गरकन वळते. ती सावरणे चांगल्या चांगल्या चालकांना जमत नाही. म्हणून पकड जास्त असलेले टायर मागे, मग गाडी पुढच्या चाकांवर ओढणारी असो की मागच्या.

काही टायरांवर फिरण्याची दिशा दाखवणारा बाण असतो, काहींवर ‘बाहेरची बाजू’ अशा अर्थाचा इंग्रजी शब्द असतो. बसवल्यावर आपण स्वतः चारही चाकांभोवती एक फेरी मारून ते पाहावे. ट्यूबलेस टायरमध्ये ट्यूब घालून काम भागवू नये, आत घर्षणाने उष्णता वाढते. नवा टायर बसवताना हवेचा व्हॉल्व्हही नवा घालावा. त्याची किंमत किरकोळ असते, पण जुन्या व्हॉल्व्हमधून नव्या टायरची हवा जाते.

स्टेपनी विसरू नये. ती वर्षानुवर्षे डिकीत झोपलेली असते आणि गरजेच्या वेळी तिच्यातच हवा नसते. काही गाड्यांत ती छोट्या मापाची असते आणि तिच्यावर ताशी ८० किलोमीटरची मर्यादा लिहिलेली असते. अशा स्टेपनीवर फक्त पंक्चरच्या दुकानापर्यंत जायचे, नागपूरपर्यंत नाही.

जुना बाजार आणि पक्की पावती

गुडइयरचा टायर कारखाना आपल्याच वाळूजमध्ये आहे. वाळूजच्या कारखान्यांमध्ये आपली कितीतरी मुले घाम गाळतात. यंत्रावरून निघालेला माल तपासल्याशिवाय पुढे जात नाही, हे त्यांना रोजचे आहे. तीच मुले स्वतःच्या गाडीसाठी मात्र रस्त्याच्या कडेला मांडलेले जुने टायर न तपासता घेतात, याचे वाईट वाटते. जुन्या टायरला काळा रंग लावून चमकवलेले असते, कधी गोटा झालेल्या टायरवर गरम हत्याराने पुन्हा खाचा कोरलेल्या असतात. वरून तो नवा दिसतो, पण तारांवरचे रबर कागदासारखे उरलेले असते. आधीच्या मालकाने तो हवा नसताना किती पळवला, अपघातात सापडला होता का, हे बाहेरून कुणालाही कळत नाही. मोटारीला जुना किंवा वरून नवी नक्षी चढवलेला टायर घेऊन लांबच्या प्रवासाला निघू नये, हे माझे स्पष्ट मत आहे.

नवा घेताना तीन गोष्टी पाहाव्यात. कुशीवर आय.एस.आय. चिन्ह, बनल्याचा आठवडा आणि वर्ष, आणि पक्की पावती. पावतीवर टायरचे माप व क्रमांक लिहून घ्यावा. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोटारीच्या नव्या टायरवरचा जी.एस.टी. २८ टक्क्यांवरून १८ टक्के झाला आहे. चार हजार मूळ किमतीचा टायर पूर्वी ५,१२० रुपयांना पडायचा, तो आता ४,७२० ला पडतो. एका टायरमागे ४०० आणि चार टायरमागे १,६०० रुपये. पावतीवर कराचा दर वाचावा. ‘बिलाशिवाय घेतले तर कमी लावतो’ हे गोड बोलणे ऐकू नये. पावती नसेल तर टायरमध्ये कारखान्याचा दोष निघाल्यावर हमी कशाच्या आधारे मागणार? पावती असेल तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ आपल्या मागे उभा आहे, १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते आणि जिल्हा ग्राहक आयोगाकडेही जाता येते.

महिन्याचे ५०० रुपये

‘भाऊ, सगळे पटले, पण एकदम वीस हजार आणायचे कुठून?’ हा प्रश्न येणारच. उत्तर हिशोबात आहे. समजा चार टायर बसवून २०,००० रुपये लागले आणि ते ४०,००० किलोमीटर चालले. एका किलोमीटरला ५० पैसे पडले. महिन्याला गाडी हजार किलोमीटर चालत असेल तर महिन्याचे ५०० रुपये टायरच्या नावाने बाजूला पडले पाहिजेत. डिझेल-पेट्रोलचा खर्च खिशातून रोज दिसतो म्हणून आपण तो धरतो. टायरचा खर्च गुपचूप रस्त्यावर घासला जातो म्हणून धरत नाही. धरला नाही तरी तो होतोच. घरातील भगिनींनी रेशन, शाळेची फी, गॅस यांच्या डब्यांशेजारी टायरचा एक डबा ठेवावा. चाळीस महिन्यांनी कर्ज न काढता टायर येतील.

हाच हिशोब सामुदायिक प्रवासाला लावावा. नागपूरला जायची वर्गणी काढताना आपण इंधन आणि टोल जोडतो आणि माणसांत भागतो. जाऊन-येऊन ९०० किलोमीटर झाले तर ५० पैशांनी टायरची झीज ४५० रुपये झाली. ती कुणाच्या वाट्याला जाते? ज्या बांधवाने आपुलकीने गाडी दिली त्याच्या. किंवा ज्या गरीब पोराने हप्त्यावर गाडी घेऊन भाड्याचा धंदा धरला आहे त्याच्या. मग तोच पोरगा पैसे वाचवायला जुना टायर लावतो, आणि आपली लेकरे त्या टायरवर बसून जातात. पाच जणांत ४५० रुपये म्हणजे माणशी ९० रुपये. एवढे दिले की त्याच्यावर उपकार होत नाहीत, त्याचा हक्क त्याला मिळतो. आणि सात जणांच्या गाडीत अकरा बसवण्याचा आग्रह तर कुणीच धरू नये. चालक ‘नाही’ म्हणाला तर त्याचे ऐकावे.

निघण्यापूर्वी

टायर बदलल्यावर व्हील बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट करून घ्यावे, नाहीतर नवा टायर एका कडेने खाल्ला जातो. दर आठ-दहा हजार किलोमीटरला पुढचे-मागचे टायर पुस्तिकेप्रमाणे अदलाबदल करावेत. चाक काढले असेल तर पन्नास-शंभर किलोमीटरनंतर नट पुन्हा आवळून घ्यावेत. हवा टायर थंड असताना, म्हणजे सकाळी जवळच्या पंपावर, स्टिकरवरच्या आकड्याप्रमाणे भरावी. गाडी भरलेली असेल तर त्याच स्टिकरवर भरलेल्या गाडीसाठी वेगळा, बहुधा मागच्या चाकांना जास्त, आकडा दिलेला असतो. वाटेत टायर तापल्यावर हवा वाढलेली दिसते, ती काढून टाकू नये. थंड झाल्यावर टायर कमी हवेवर येईल आणि तेच धोक्याचे आहे. नायट्रोजनसाठी जादा पैसे देणे ज्याच्या त्याच्या मर्जीवर. साध्या हवेतही सुमारे ७८ टक्के नायट्रोजनच असतो. कोणती हवा यापेक्षा किती हवा, हे महत्त्वाचे. आणि दीड-दोन तासांनी गाडी थांबवून चालकाला चहा द्यावा. टायर आणि माणूस, दोघांनाही थंड व्हायला वेळ लागतो.

शेवटी कार्यकर्त्यांना एक विनंती. निघण्याच्या आधीच्या रविवारी विहारात वंदना झाल्यावर अर्धा तास राखून ठेवावा. वस्तीतून नागपूरला जाणाऱ्या सगळ्या गाड्या अंगणात उभ्या कराव्यात. एकाने टॉर्च घ्यावी, एकाने हवेचे गेज, एकाने वही. प्रत्येक टायरची खाच, बनल्याचे वर्ष, फुगा, भेगा, हवा आणि स्टेपनी, अशा नोंदी व्हाव्यात. हे काम मुलींनाही द्यावे, त्या आकडे चोख लिहितात. वर्ष वाचायला आणि टीडब्ल्यूआयचा उंचवटा शोधायला सातवी-आठवीच्या मुलांना पाच मिनिटांत येते. ज्या गाडीचा टायर नापास होईल तिच्या मालकाला कमी लेखू नये. त्याला हातउसने लागले तर चार जणांनी द्यावेत, आणि तेही वहीत लिहून ठेवावे.

दीक्षाभूमीवर आपण धम्माला वंदन करायला जातो. त्या धम्मात डोळे उघडे ठेवून चालणे सांगितले आहे. गाडी सुरू करण्यापूर्वी एकदा खाली वाकून पाहिले तर ते त्या शिकवणुकीला धरूनच होईल. सर्वांचा प्रवास मंगल होवो, आणि जेवढे निघतील तेवढे सगळे घरी सुखरूप परत येवोत.

नमो बुद्धाय, जयभीम.